ब्रेक पॅड बदलूनही पिवळा दिवा विझत नाही: सेन्सर, वायरिंग की नुसते रीसेट?

चांदणी_चौक (प्रश्न):

माझ्याकडे २०१५ ची बीएमडब्ल्यू ३२०डी (एफ३०) आहे. गेल्या आठवड्यात एका खासगी गॅरेजमध्ये पुढचे आणि मागचे असे सर्व ब्रेक पॅड बदलून घेतले. ब्रेक व्यवस्थित लागतात, घासण्याचा आवाज नाही, गाडी एका बाजूला ओढतही नाही. परंतु वर्तुळाच्या दोन्ही बाजूंना तुटक कंस असलेला पिवळा दिवा पूर्वीसारखाच पेटलेला आहे. गॅरेजमालकांचे म्हणणे असे की, थोडी गाडी चालली की तो आपोआप जाईल. सर्व्हिस मेनूमध्ये जाऊन पाहिले, तर पुढच्या ब्रेकची नोंद रीसेट झाली, मागची मात्र होत नाही. बिलात पॅडचे दोन संच आणि सेन्सर एकच लावलेला दिसतो. स्कॅनर लावून दिवा घालवून घ्यावा, की आधी आणखी काही तपासावे? पुढच्या आठवड्यात घाटातून कोकणात उतरायचे आहे, म्हणून विचारतो.

हायवे_४८:

स्कॅनरने रीसेट करून घ्या, हे पाच मिनिटांचे काम आहे. मेनूतून न होणाऱ्या गोष्टी स्कॅनरने बऱ्याचदा होतात.

मल्टिमीटर:

वरील सल्ल्याशी मी सहमत नाही. मागची नोंद रीसेट होत नाही, यातच बहुतेक उत्तर दडलेले आहे. या गाडीत चारही चाकांना सेन्सर नसतात. एक पुढच्या डाव्या आणि एक मागच्या उजव्या चाकाला असतो. सेन्सर म्हणजे पॅडमध्ये बसवलेले प्लास्टिकचे छोटे टोक आणि त्यातून वळून परत येणारी तार. पॅड ठरावीक मर्यादेपर्यंत झिजला की डिस्क त्या टोकालाही घासू लागते, तार तुटते आणि गाडीचा संगणक त्यावरून पॅड संपल्याचे समजतो. तुटलेली तार नवा पॅड घातल्याने जुळत नाही. त्यामुळे दिवा लागल्यानंतर पॅड बदलले असतील, तर ज्या बाजूचा दिवा लागला होता त्या बाजूचा सेन्सर नवाच घालावा लागतो. आपल्या बिलात एकच सेन्सर आहे आणि पुढची नोंद रीसेट झाली, यावरून तो पुढे लागला आणि मागे जुनाच परत खोचला, असे वाटते. संगणकाला सर्किट तुटलेले दिसत असेल तोवर तो रीसेट स्वीकारत नाही, आणि तसे त्याने करू नये हेच बरोबर आहे. दिवा आपोआप जाईल, हे तर मुळीच खरे नाही.

खात्री करून घेण्यासाठी जॅक योग्य जागी लावावा, गाडी स्टँडवर घ्यावी आणि मागचे उजवे चाक काढावे. सेन्सरच्या वायरचा माग काढत कनेक्टरपर्यंत जावे, तो सोडवावा आणि सेन्सरकडच्या दोन पिनांमध्ये मल्टिमीटरने रोध (विजेला होणारा अडथळा) मोजावा. सेन्सर शाबूत असेल तर आकडा अगदी कमी येतो. मीटरने काहीच दाखवले नाही, तर तार तुटलेली आहे. मधलाच काही आकडा दिसला, तर दोन टप्प्यांच्या सेन्सरचा पहिला टप्पा घासला गेला आहे, असे समजावे, तोही बदलायचाच. सेन्सर चांगला निघाला, तर गाडीकडच्या कनेक्टरच्या पिना तात्पुरत्या जोडून पाहाव्यात. तरीही रीसेट होत नसेल, तर दोष कनेक्टरपासून संगणकाकडे जाणाऱ्या वायरिंगमध्ये शोधावा. ही जोडणी केवळ तपासणीपुरती आहे. काही ठिकाणी ती कायमची करून दिवा ‘दुरुस्त’ करून देतात. त्यानंतर पॅड पत्र्यापर्यंत झिजला तरी कोणी सांगणार नाही.

जुनी_ऑक्टाव्हिया:

इतर गाड्यांच्या मालकांनी हे वाचताना एवढे लक्षात ठेवावे की प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी असते. मर्सिडीजच्या अनेक जुन्या गाड्यांत उलट व्यवस्था आहे: सेन्सर डिस्कला टेकला की सर्किट जोडले जाते आणि दिवा लागतो. तिथे वायरचे आवरण घासून तांबे लोखंडाला लागले, तरी नव्या पॅडवरही दिवा पेटतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत तर सेन्सरच नसतो. पॅडवरची पोलादी पट्टी डिस्कला घासून किंचाळते, तोच इशारा. अशा गाडीत ब्रेकचा लाल दिवा लागला, तर आधी हँडब्रेक पूर्ण सुटला आहे का आणि ब्रेक ऑइलची पातळी किती आहे, ते पाहावे. पॅड झिजल्यामुळे खाली गेलेली पातळी नवे पॅड घालण्याआधीच भरून ठेवू नये. नव्या पॅडसाठी पिस्टन (पॅडला डिस्कवर ढकलणारा दट्ट्या) मागे दाबताना तेच ऑइल टाकीबाहेर येते आणि रंगाची वाट लावते.

चांदणी_चौक:

‘मल्टिमीटर’ यांच्या सूचनेप्रमाणे आज ओळखीच्या मेकॅनिकसोबत चाक काढून पाहिले. मागच्या उजव्या सेन्सरच्या पिनांमध्ये मीटर काहीच दाखवत नाही. सेन्सर पॅडमधून ओढून काढला, तर त्याचे टोक तिरके घासले गेलेले आणि त्यात तांब्याचे दोन चकचकीत ठिपके उघडे पडलेले दिसले. म्हणजे जुनाच परत घातला होता. दुकानदार म्हणतो की पुढचा सेन्सर शिल्लक आहे, तोच मागे घालावा. चालेल का?

मल्टिमीटर:

चालणार नाही, पुढच्या आणि मागच्या सेन्सरचे भाग क्रमांक वेगळे आहेत, वायरची लांबीही सारखी नाही. गाडीचा चॅसिस क्रमांक सांगून मागचाच मागवावा. बसवताना वायर जुन्या मार्गानेच नेऊन प्रत्येक क्लिपमध्ये दाबून बसवावी, कारण लोंबती वायर टायरला लागून काही दिवसांत कापली जाते आणि मग पॅड नवे असूनही दिवा लागतो. चाक बसवल्यावर ब्रेकचे पेडल कडक होईपर्यंत काही वेळा दाबावे, त्याआधी गाडी हलवू नये.

त्यानंतर इंजिन सुरू न करता इग्निशन चालू करावे आणि अर्धा-एक मिनिट थांबावे. डॅशबोर्डच्या मीटरवरचे ट्रिपचे बटण मेनू येईपर्यंत दाबून धरावे, छोट्या दाबांनी मागच्या ब्रेकच्या चिन्हापर्यंत जावे आणि रीसेटचा प्रश्न आल्यावर पुन्हा दाबून धरावे. सर्किट पूर्ण असेल, तर या वेळी नोंद स्वीकारली जाईल. नव्या पॅडची जाडीही डोळ्यांनी पाहून घ्यावी. एका कॅलिपरमधले (पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागातले) आतले आणि बाहेरचे पॅड सारखे झिजतीलच असे नाही, आणि सेन्सर त्यांपैकी एकाच पॅडवर असतो. म्हणून घाटात उतरण्यापूर्वी डाव्या चाकाकडेही एकदा टॉर्च मारून पाहा.