शब्दचर्चा : ऑस्ट्रेलियाचे ‘हायकोर्ट’, ‘आप्रवासी’, ‘अबकारी’ आणि आणखी काही अडलेले शब्द

प्रश्न

नमस्कार. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने सुरुवातीच्या पंचवीस-तीस वर्षांत दिलेल्या गाजलेल्या निकालांवर एका मराठी नियतकालिकासाठी लेख लिहिते आहे. वाचक वकील नाहीत, पण चोखंदळ आहेत. काही शब्दांपाशी अडले आहे.

पहिला शब्द न्यायालयाचा. ‘ऑस्ट्रेलियाचे उच्च न्यायालय’ लिहिले की वाचकाला मुंबई किंवा मद्रासच्या पातळीचे कोर्ट वाटते. ‘सर्वोच्च’ लिहावे का? दुसरा, १९०८ च्या ‘पॉटर विरुद्ध मिनाहन’ खटल्यातला ‘इमिग्रंट’. माझ्या मसुद्यात ‘स्थलांतरित’ आहे. तिसरा, त्याच वर्षीच्या ‘बार्गर’ खटल्यातला ‘एक्साइज’. त्याला ‘अबकारी’ चालेल का? शिवाय ‘लँडमार्क’ला ‘मैलाचा दगड’ म्हणणे जिवावर येते. दुसरे काही सुचवाल?

प्रतिसाद

ताई, सरळ ‘सर्वोच्च न्यायालय’ लिहा. देशातले सगळ्यात वरचे कोर्ट आहे, वाचकाला तेच कळायला हवे. ‘लँडमार्क’ला ‘ऐतिहासिक निकाल’ हा वर्तमानपत्री शब्द रुळलेला आहे.

प्रतिसाद

‘सर्वोच्च’ला माझा विरोध आहे. ऑस्ट्रेलियाची राज्यघटना १९०१ मध्ये लागू झाली. तिच्या ७१व्या कलमातच म्हटले आहे की न्यायदानाचा अधिकार एका संघीय सुप्रीम कोर्टाकडे राहील आणि त्याला ‘हायकोर्ट ऑफ ऑस्ट्रेलिया’ म्हटले जाईल. म्हणजे दर्जा सर्वोच्चाचा आणि नाव हायकोर्टाचे, हे घटनाकारांनी जाणूनबुजून ठरवले. त्यांच्याकडे ‘सुप्रीम कोर्ट’ हे नाव राज्यांच्या न्यायालयांनी आधीच घेतलेले होते. न्यू साउथ वेल्सच्या सुप्रीम कोर्टाची सनद १८२३ ची. आपल्याकडेही मुंबईत १८२३ च्याच सनदेने सुप्रीम कोर्ट आले होते. १८६२ मध्ये ते आणि कंपनी सरकारचे वरिष्ठ अपील न्यायालय म्हणजे सदर अदालत गेली आणि त्यांच्या जागी हायकोर्ट बसले. त्यामुळे ‘हाय’ वर की ‘सुप्रीम’ वर, याचे उत्तर प्रत्येक देशाच्या इतिहासात शोधावे लागते. शब्दकोश तिथे कामाचा नाही.

तुम्ही हायकोर्टाला ‘सर्वोच्च’ केलेत तर टास्मानियाच्या सुप्रीम कोर्टाला काय म्हणणार? हायकोर्टाचा पहिला मोठा घटनात्मक निकाल, १९०४ चा ‘डी’एम्डेन विरुद्ध पेडर’, तिथूनच अपिलात आला. होबार्टच्या टपाल खात्यातल्या एका केंद्रीय अधिकाऱ्याने पगाराच्या पावतीवर राज्याचे तिकीट लावायला नकार दिला, त्याला शिक्षा झाली आणि हायकोर्टाने ती रद्द केली. हे सांगताना दोन्ही कोर्टांना ‘सर्वोच्च’ म्हटले तर अर्थ लागणार नाही. एकाला ‘उच्च’ आणि दुसऱ्याला ‘सर्वोच्च’ म्हटले तर वाचकाला वाटेल की खालच्या कोर्टाने वरच्याचा निकाल फिरवला.

दुसरे असे की त्या काळात हे कोर्ट पूर्ण अर्थाने सर्वोच्च नव्हतेच. वर साम्राज्यातली शेवटची अपिले ऐकणारी लंडनची प्रिव्ही कौन्सिल होती. १९०४ मध्ये ‘डीकिन विरुद्ध वेब’मध्ये हायकोर्टाने ठरवले की केंद्राकडून मिळणाऱ्या पगारावर राज्याला प्राप्तिकर लावता येणार नाही. १९०६ मध्ये ‘वेब विरुद्ध आउट्रिम’मध्ये प्रिव्ही कौन्सिलने नेमके उलटे सांगितले. पुढच्याच वर्षी ‘बॅक्स्टर’ खटल्यात हायकोर्टाने प्रिव्ही कौन्सिलचे म्हणणे मानायला नकार दिला आणि आपल्या आधीच्या मतावर ठाम राहिले. साम्राज्याच्या काळात, स्थापनेला चार वर्षेही जेमतेम झालेल्या कोर्टाने हे केले. तुमच्या लेखातला हा सगळ्यात थरारक भाग ठरेल, पण आधीपासून ‘सर्वोच्च’ लिहून बसलात तर त्यातला ताण वाचकापर्यंत पोचणार नाही.

म्हणून ‘हायकोर्ट’ आणि ‘सुप्रीम कोर्ट’ हेच शब्द ठेवा. दोन्ही मराठी माणसाच्या तोंडात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पहिल्या उल्लेखाला एक वाक्य घाला की ऑस्ट्रेलियात हायकोर्ट वर आणि राज्यांची सुप्रीम कोर्टे खाली. दर्जा दाखवायला एक मराठी खूण मात्र वापराच. आपल्याकडे उच्च न्यायालयाचा प्रमुख तो मुख्य न्यायमूर्ती आणि देशाचा तो सरन्यायाधीश. तेव्हा ‘सरन्यायाधीश सॅम्युअल ग्रिफिथ’ लिहा. १९०३ मध्ये मेलबर्नला हे कोर्ट पहिल्यांदा बसले तेव्हा ग्रिफिथ, एडमंड बार्टन आणि रिचर्ड ओ’कॉनर असे तिघेच होते. १९०६ मध्ये आयझॅक आयझॅक्स आणि एच. बी. हिगिन्स आले. पुढची बरीचशी भांडणे या पहिल्या तिघांत आणि नंतरच्या दोघांत आहेत.

आता ‘इमिग्रंट’. यावर मला जरा जास्त बोलायचे आहे, कारण इथे चुकीच्या शब्दाने खटलाच नाहीसा होतो.

मिनाहनचा जन्म मेलबर्नचा, १८७६ चा. वडील चिनी. पाचेक वर्षांचा असताना वडिलांबरोबर चीनला गेला, तिथेच वाढला आणि १९०८ च्या जानेवारीत परत आला. तेव्हा ऑस्ट्रेलियात १९०१ चा कायदा होता. अधिकारी पन्नास शब्दांचा उतारा युरोपीय भाषेत सांगणार आणि तो लिहिता आला नाही तर त्या माणसाला देशात येण्यास मज्जाव. गोऱ्यांखेरीज इतरांना बाहेर ठेवण्यासाठी केलेली ही व्यवस्था होती. मिनाहनला उतारा लिहिता आला नाही. त्याच्या वकिलांनी परीक्षा अवघड होती असा बचाव केला नाही. हा मनुष्य ‘इमिग्रंट’च नाही, मग परीक्षा कसली, असा त्यांचा मुद्दा होता. हायकोर्टाने तो मान्य केला. जो इथे जन्मला आणि ज्याने हे घर कायमचे सोडले नाही, तो परत येतो तेव्हा आप्रवास करत नाही, घरी येतो.

आता इथे ‘स्थलांतरित’ घालून पाहा. बीडहून सांगलीला ऊसतोडीला जाणारा मजूरही स्थलांतरित. मिनाहन तर चीनला गेला आणि आला, म्हणजे स्थलांतर झालेच. मराठी वाचक म्हणेल, हो, आहे की स्थलांतरित, मग वाद कशाचा? ‘परका’ किंवा ‘उपरा’ घातलेत तर उलट बाजूने तेच होईल. त्या शब्दांत आधीच हाकलून लावलेले आहे. आपल्याला असा शब्द हवा की ज्याच्याबद्दल ‘हा आहे की नाही?’ असे प्रामाणिकपणे विचारता येईल. ‘आप्रवासी’ त्या कामाचा आहे : दुसऱ्या देशातून इथे वसायला येणारा. पहिल्यांदा वापरताना एवढा खुलासा करा. छपाईत ‘अप्रवासी’ होणार नाही याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष द्या. तो हिंदीतला शब्द परदेशी राहणाऱ्या भारतीयांसाठी वापरतात, आपण त्यांना ‘अनिवासी’ म्हणतो. कायद्यातल्या ‘प्रोहिबिटेड इमिग्रंट’ला ‘निषिद्ध’ऐवजी ‘मज्जाव असलेला आप्रवासी’ म्हटले तर बोलण्यातले वाटेल.

काळाची मर्यादा थोडी ओलांडायची तयारी असेल तर १९३४ चा किश खटला घ्याच. प्रागचा लेखक एगॉन किश अनेक भाषा जाणत होता, म्हणून त्याला अडवण्यासाठी स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत उतारा सांगितला गेला. हायकोर्टाने बहुमताने ठरवले की कायद्याच्या अर्थाने गेलिक ही ‘युरोपीय भाषा’ नव्हे. स्कॉटलंड युरोपात असूनही!

एक्साइज. ‘अबकारी’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दारूचे दुकान येते. आपल्या राज्य उत्पादन शुल्क विभागाचे कामही मुख्यतः तेच, पण नाव तरी ‘उत्पादन शुल्क’ आहे. ‘बार्गर’मध्ये वाद शेतीच्या अवजारांचा होता. १९०६ च्या कायद्याने देशात बनणाऱ्या अवजारांवर कर लावला आणि कामगारांना रास्त व वाजवी मजुरी देणाऱ्या कारखानदाराला तो माफ केला. ग्रिफिथ, बार्टन आणि ओ’कॉनर म्हणाले की याला उत्पादन शुल्काचे नाव दिले असले तरी हा कर नाही, ही मजुरीवर नियंत्रण ठेवण्याची युक्ती आहे आणि तो अधिकार केंद्राला नाही. आयझॅक्स आणि हिगिन्स विरोधात होते. तीन विरुद्ध दोन. इथे ‘अबकारी’ लिहिले तर वाचक पहिल्याच ओळीत वाट चुकेल. मात्र १९०४ चा ‘पीटर्सवाल्ड विरुद्ध बार्टली’ घेत असाल तर तो बिअर बनवणाऱ्याच्या परवान्याचाच आहे. परवान्याची फी मालाच्या प्रमाणावर ठरत नाही, म्हणून ते उत्पादन शुल्क नव्हे, असे तिथे ठरले. तिथेही ‘उत्पादन शुल्क’च ठेवा, म्हणजे चार वर्षांत एकाच शब्दावर दोनदा कसा खल झाला ते दिसेल.

‘मैलाचा दगड’ मलाही नको वाटतो. ‘ऐतिहासिक’ शब्द रोजच्या बातम्यांनी झिजून गेला आहे. ‘पायंडा पाडणारे निकाल’ म्हणा. पायंडा पाडता येतो आणि मोडताही येतो, आणि तुमच्या कथेत दोन्ही घडते.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. ‘पायंडा’ घेतला. आणखी दोन गोष्टी विचारते. १९०७ चा ‘हार्वेस्टर’ निकाल याच मालिकेत घालते आहे. त्यातल्या ‘बेसिक वेज’ला ‘मूळ वेतन’ लिहिले आहे. आणि १९२० च्या ‘इंजिनिअर्स’ खटल्यात ‘इम्प्लाइड इम्युनिटी’ हा शब्द सारखा येतो, त्याला ‘गर्भित संरक्षण’ म्हटले आहे. बरोबर वाटते का?

प्रतिसाद

हार्वेस्टर हा हायकोर्टाचा निकाल नाही. तो सलोखा व लवाद न्यायालयाचा. हिगिन्स एकाच वेळी हायकोर्टाचे न्यायमूर्ती आणि लवाद न्यायालयाचे अध्यक्ष होते, म्हणून दोन्हींची गल्लत होते. लेखात जरूर घ्या, कारण ‘बार्गर’ही त्याच १९०६ च्या उत्पादन शुल्काच्या कायद्यावर उठला, पण कोर्ट वेगळे सांगा. लवादाचा असल्याने त्याला ‘निवाडा’ म्हणणे शोभेल. मराठीत लवादाच्या आणि भूसंपादनाच्या निर्णयाला तोच शब्द आहे.

‘मूळ वेतन’ नको. आपल्या पगारपत्रकात मूळ वेतन म्हणजे महागाई भत्ता धरायच्या आधीची रक्कम. हिगिन्स यांनी विचारले ते वेगळेच होते : सुसंस्कृत समाजात माणूस म्हणून राहणाऱ्या साध्या कामगाराच्या, सुमारे पाच जणांच्या कुटुंबाच्या गरजा कशात भागतील? उत्तर आले दिवसाला ७ शिलिंग, आठवड्याला ४२. आपल्या संविधानाच्या ४३व्या अनुच्छेदातला ‘निर्वाह वेतन’ हा शब्द त्या आशयाच्या कितीतरी जवळ आहे. ज्या कायद्याखाली हा निवाडा झाला तो पुढच्याच वर्षी ‘बार्गर’मध्ये कोसळला, तरी हा हिशेब ऑस्ट्रेलियाच्या मजुरीचा पाया म्हणून दशकानुदशके टिकला. हे वाचले की मला कायद्याहून मोठे काहीतरी घडल्यासारखे वाटते.

‘गर्भित’ चुकीचा नाही, पण तुमच्या हाताशी त्याहून नेमका शब्द आहे. शाळेच्या व्याकरणातला ‘अध्याहृत’. वाक्यात लिहिलेले नाही पण आहे असे समजायचे, ते अध्याहृत. ग्रिफिथ यांच्या कोर्टाचे म्हणणे अगदी हेच होते : राज्याने केंद्राच्या आणि केंद्राने राज्याच्या कामात हात घालू नये, हे घटनेत लिहिले नसले तरी संघराज्य म्हटले की ते अध्याहृत आहे. डी’एम्डेनची पावती, डीकिनचा पगार आणि १९०६ चा रेल्वे कामगारांचा खटला याच धाग्यात ओवलेले. रेल्वेच्या खटल्यात तर राज्याच्या रेल्वे कामगारांना केंद्राच्या लवादाबाहेर ठेवले गेले. १९२० मध्ये सरन्यायाधीश नॉक्स, आयझॅक्स, रिच आणि स्टार्क यांनी, आणि स्वतंत्र निकालपत्राने हिगिन्स यांनीही, हा पायंडा मोडला. घटना तिच्या शब्दांवरून वाचा, अध्याहृत काही घुसडू नका, असा त्यांचा रोख. १९०८ मध्ये अल्पमतात असलेले आयझॅक्स बारा वर्षांनी बहुमताचे सूत्रधार झाले. कामगार संघटनेच्या बाजूने उभे होते पंचविशीतले रॉबर्ट मेंझीस, पुढचे पंतप्रधान.

तेव्हा ‘अध्याहृत मुभा’ म्हणा. ‘संरक्षण’ शब्द मोकळा ठेवा, कारण तो तुम्हाला १९१६ च्या ‘फेअरी विरुद्ध बर्वेट’साठी लागेल. युद्धकाळात पावाची किंमत ठरवून देणे हे देशाच्या ‘संरक्षणा’त बसते, असे तिथे ठरले.

प्रतिसाद

आधीच्या प्रतिसादात ‘इंडस्ट्री’ राहिला. १९२९ मध्ये सरकारी शाळांच्या शिक्षकांचे भांडण ‘औद्योगिक विवाद’ ठरत नाही, असे हायकोर्टाने म्हटले. मराठीत ‘उद्योग’ फार ऐसपैस आहे, घरात बसून केलेली खटपटही उद्योगच. म्हणून नुसता ‘उद्योग’ टाळून ‘औद्योगिक विवाद’ हा आपल्या कायद्यातला पूर्ण शब्दच वापरा. भारतात १९७८ च्या बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘उद्योगा’ची व्याख्या फार रुंद केली, तो संदर्भ अनेक वाचकांना ठाऊक असेल. दोन देशांनी एकाच शब्दाला किती वेगळी मापे लावली ते त्यांना लगेच दिसेल.

शब्दाच्या अर्थावर माणसाचे भवितव्य टांगणे आपल्याला नवे नाही. १८९७ च्या टिळकांच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी राजद्रोहाच्या कलमातल्या ‘डिसअफेक्शन’ म्हणजे प्रीतीचा अभाव असा अर्थ ज्यूरीला सांगितला. १९०८ च्या खटल्यात टिळकांनी ‘केसरी’तल्या मराठी शब्दांच्या सरकारी इंग्रजी भाषांतरावर जोरदार हरकती घेतल्या. मिनाहनचा खटलाही त्याच वर्षीचा. मी असते तर लेखात या दोन ओळी घातल्या असत्या.

प्रश्नकर्ती

घालते. शेवटच्या भागाचे उपशीर्षक ‘अभियंत्यांचा खटला’ असे केले आहे. चालेल ना?

प्रतिसाद

नको. ‘अमाल्गमेटेड सोसायटी ऑफ इंजिनिअर्स’ ही फिटर, टर्नर, यंत्रावर काम करणाऱ्या कुशल कामगारांची संघटना होती. पदवीधर अभियंत्यांची नव्हे. खटल्यात समोर पश्चिम ऑस्ट्रेलिया सरकारचे अवजारांचे कारखाने आणि लाकूड चिरण्याच्या गिरण्या होत्या. ‘यंत्रकामगारांचा खटला’ करा आणि कंसात न टाकता पुढच्याच वाक्यात ‘तिकडे इंजिनिअर्स केस म्हणून ओळखला जाणारा’ एवढे जोडा.