मदत हवी आहे: झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के, उभे पट्टे आणि −५ व्होल्ट गायब

नमस्कार मंडळी,

मामांनी १९८४ साली लंडनहून आणलेला स्पेक्ट्रम हा जुना घरगुती संगणक माझ्याकडे आहे. बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेतली पहिली ओळ मी त्याच्याच रबरी बटणांवर लिहिली. मामा आता ऐंशीचे आहेत आणि दिवाळीत आमच्याकडे येणार आहेत. तोवर तो चालू व्हावा अशी फार इच्छा आहे.

पूर्वी चालू केला की क्षणभर काळा पडदा, मग खाली १९८२ची सिंक्लेअर रिसर्चची ओळ यायची. आता रंगीत उभे पट्टे येतात आणि तिथेच अडकतो. पट्टे दिसतात म्हणजे युएलए (पडद्यावरचं चित्र तयार करणारी चिप) जिवंत असावी, असा माझा अंदाज. टीव्ही आणि केबल दुसऱ्या यंत्रावर तपासली, ठीक आहेत. कीबोर्डच्या आतल्या फिल्मच्या पट्ट्या वाळून तडकल्यात, पण ती फिल्म नवीन मिळते.

अडाप्टर मूळचाच आहे, ९ व्होल्टचा, मधली पिन ऋण. (नवा घेणाऱ्यांनी हे बघाच, बाजारात बहुतेक उलटे असतात.) ७८०५मधून (५ व्होल्टचा रेग्युलेटर) ५.०२ व्होल्ट नीट येतात. खालच्या १६के मेमरीच्या ४११६ या रॅम चिप्सवर, म्हणजे आयसी६ ते आयसी१३वर, पिन ९ला ५ आहेत. पिन ८ला १२ हवेत, तिथे जेमतेम ९. पिन १ला −५ हवेत, तिथे शून्य.

१२ आणि −५ व्होल्ट तयार करणाऱ्या भागात, म्हणजे टीआर४ हा ट्रान्झिस्टर आणि कॉइल यांत बिघाड आहे, की एखादी रॅम शॉर्ट होऊन तिने तो भाग खाली ओढलाय? मोजताना तो चार-पाच मिनिटं चालू होता. तेवढ्यात चिप्स गेल्या असतील का?

प्रतिसाद १

आधी तो चालू करणं थांबवा. −५ नसताना १२ मिळाले तर ४११६ तापून मरते. तुमच्याकडे १२ पूर्ण येत नव्हते, म्हणून आशा आहे.

अडाप्टर काढून १२ची आणि −५ची लाइन ग्राउंडशी ओममध्ये मोजा. दोन-चार ओम आले तर एखादी रॅम शॉर्ट. तसं नसेल तर टीआर४ काढून तपासा, तिथे मुळात झेडटीएक्स६५० असतो. तो शॉर्ट होतो तेव्हा कॉइलच्या बारीक तारेवरचा लेपही जळतो, म्हणून कॉइल भिंगाखाली बघा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर चाळीस वर्षांत आतून वाळतात, ते सगळेच बदला. फक्त −५च्या लाइनवरच्याचं धन टोक ग्राउंडला जातं, तिथे चूक होते.

चिप काढायची झाली तर पाय कापून एकेक सोडवा. अख्खी उपटू नका, बोर्डाचे ट्रॅक निघतात.

धागाकर्ता

मनापासून आभार. मोजलं. १२ची लाइन ठीक, −५ची ४ ओम! पिन १ एकेक मोकळी करत गेलो, आयसी९ची सुटताच शॉर्ट गेला. टीआर४ही शॉर्ट निघाला. कॉइलची तार एके ठिकाणी काळी पडलीय, पण तुटलेली नाही.

ट्रान्झिस्टर आणि कपॅसिटर पुण्याच्या तापकीर गल्लीत बघतो. जुन्या बोर्डांवरची ४११६ कोणाकडे पडून आहे का? एक पुरे, दोन मिळाल्या तर बरं. आणि लेप जळालेली कॉइल तशीच चालेल, की नव्याने गुंडाळावी? कोणी गुंडाळली असेल तर वेढे मोजताना काय काळजी घेतली ते सांगा.