दोन वर्षांची गिनीपिग मादी अचानक हात लावू देईनाशी झाली आहे

कृष्णाकाठ (सांगली)
मादी, वय साधारण २ वर्षं, एकटीच असते. आधी तळहात पुढे केला की आपणहून चढायची. गेल्या १५ दिवसांपासून हात पिंजऱ्यात गेला की कोपरा धरते, उचललं की कर्कश ओरडते, दात कटकट वाजवते. एकदा चावलीसुद्धा. खाणं चालू आहे, लेंड्या पडतायत. रोज मेथी, पालक, लसूणघास, थोडी काकडी आणि सशाचं पेलेट (गोळ्यांचं तयार खाद्य). तारेचा पिंजरा, खाली वर्तमानपत्र. घरात कुत्रं-मांजर नाही, पिंजऱ्याची जागाही बदललेली नाही. रोज जास्त वेळ हातात घेऊन सवय लावावी, की काही दिवस हातच लावू नये?

मिरजवाला
घरात लहान मुलं असतील तर आधी ते विचारा. कुणाच्या हातून निसटली असेल तर महिनाभर धास्ती राहते. वरून झडप घालून उचलू नका, घार अशीच येते. हात जमिनीलगत, बाजूने न्या. एक तळवा छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि लगेच अंगाशी धरा. आठवडाभर नुसतं पिंजऱ्याशी बसून हातातून कोथिंबीर द्या, उचलू नका.

चारभिंती_सातारा
उचलायची पद्धत वरच्या दादांनी बरोबर सांगितली आहे. पण आठवडाभर थांबू नका. दोन वर्षं माणसाळलेलं जनावर काही न बदलता पंधरा दिवसांत हात टाळू लागलं, तर दुखणं नाही याची खात्री होईपर्यंत दुखणंच धरून चाला. गिनीपिग हे शिकार होणारं जनावर आहे, आजार शेवटपर्यंत लपवतं. खाणं चालू आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

ओरडते कधी, ते नीट बघा. अंगावर कुठेही बोट टेकवलं तरी किंचाळत असेल, खाजवता खाजवता झटके येत असतील, तर खरजेचे किडे. ते डोळ्यांना दिसत नाहीत, कातडीच्या आत असतात. दोन बोटांनी पाठीचे केस फाकून कोंडा, खपल्या, केस गेलेली जागा बघा. कुत्र्याची गोचिडाची पावडर किंवा मानेवर टाकायचं औषध घरच्या घरी अजिबात वापरू नका. यावरचं औषध वजनावर मोजून, ठरावीक दिवसांनी पुन्हा द्यावं लागतं, ते डॉक्टरांचं काम.

पाय हलवला की ओरडते, उड्या बंद झाल्या, दबकत चालते, असं असेल तर क जीवनसत्त्वाची कमतरता. माणसासारखंच गिनीपिगच्या शरीरात ते तयार होत नाही, रोज खाण्यातून जावं लागतं. सशाला त्याची गरज नसते, म्हणून सशाच्या पेलेटमध्ये ते घातलेलं नसतं. कमी पडलं की दोन-तीन आठवड्यांत सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं, आणि उचललं की फार दुखतं. तळपायही उलटून बघा. तारेवर किंवा ओल्या कागदावर राहून ते लाल होतात, मग फोड येतात.

कुशीला हात लागला की ओरडत असेल तर दोन शक्यता. दोन वर्षांच्या मादीत अंडाशयाच्या गाठी बऱ्याचदा होतात. दोन्ही कुशींवरचे केस सारखे विरळ होतात, स्तनाग्रांवर खपली धरते. दुसरी शक्यता मूत्राशयातला खडा. मेथी आणि लसूणघास दोन्हींत कॅल्शियम भरपूर, त्यामुळे मला इथे तीच जास्त वाटते. कागदावर लघवी कळत नाही, म्हणून खाली पांढरं सुती कापड अंथरा आणि रात्रभराचे डाग बघा. पोट मात्र दाबून बघू नका.

आणि आजच वजन घ्या. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर भांडं, भांड्याचं वजन वजा. आधीचा आकडा लिहिलेला असेल तर तोही सांगा.

कृष्णाकाठ (सांगली)
वजन ७८० ग्रॅम. मागच्या महिन्यात ८६० होतं. तळपाय स्वच्छ, कातडीवर काही नाही. मागची बाजू ओलसर आहे. कापडावर वाळलेले पांढरे, खडूसारखे डाग, एक डाग गुलाबीसर. लघवी करताना कुबड काढून बारीक आवाज करते. हे मी आधी लक्षपूर्वक पाहिलंच नव्हतं. कुशीला धरलं की लगेच ओरडते.

चारभिंती_सातारा
८० ग्रॅम म्हणजे नऊ टक्क्यांहून जास्त. दहा टक्क्यांच्या आसपासची घट गंभीर धरायची, ताई. थोडी पांढरी भुकटी निरोगी जनावराच्या लघवीतही असते, कारण जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटेच बाहेर पडतं. पण गुलाबी डाग आणि कुबड काढून ओरडणं हे खडा नाहीतर मूत्राशयाची सूज सांगतं. मादीत असं रक्त कधी कधी गर्भाशयातूनही येतं, म्हणून एक्स-रे आणि सोनोग्राफी दोन्ही करून घ्या. यातले खडे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचे असतात, एक्स-रेत पांढरे स्पष्ट दिसतात. ते औषधाने विरघळत नाहीत. मादीत बारीक खडा कधी आपोआप पडतो, मोठा काढावाच लागतो. लघवी पूर्ण थांबली तर त्याच तासाला निघायचं.

सांगलीत लहान जनावरांचा एक्स-रे असलेला दवाखाना फोनवर विचारूनच जा, गिनीपिग बघता का हे स्पष्ट विचारा. नाहीच जमलं तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुणे-बंगळूर महामार्गावर.

तिथे दोन गोष्टी स्वतःहून बोला. पोटात घ्यायचं अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिनच्या जातीचं औषध गिनीपिगला नको. आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक वाढतात, आणि जनावर काही दिवसांत दगावतं. कुत्र्या-मांजरात नेहमीचं औषध असल्याने घाईत लिहिलं जाऊ शकतं. दुसरं, ऑपरेशन ठरलं तर आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं नाही. गिनीपिगला उलटी होत नाही, उलट पोट रिकामं राहिलं की आतडं थांबतं. माणसाची दुखण्याची गोळी घरी अजिबात देऊ नका.

गवतवाला_कराड
खाण्याचं मी सांगतो. मेथी, पालक, लसूणघास आजच बंद. शेवग्याचा पाला, राजगिरा तर देऊच नका. ढोबळी मिरची रोज २० ते २५ ग्रॅम, काकडी, थोडी कोथिंबीर. भाज्या धुऊन ओल्याच द्या, तेवढंच पाणी पोटात जातं. बाटलीसोबत जड मातीच्या वाडग्यातही पाणी ठेवा.

मुख्य खाणं मात्र वाळलं गवत, दिवसरात्र समोर हवं. आपल्याकडे कडबा मिळतो पण तो जाड. कोवळी ज्वारी तर विषारी, ती नकोच. उसाच्या वाढ्याला धार असते. डोंगरावरच्या गवतात कुसळं असतात, ती तोंडात, डोळ्यात रुततात. फवारणी नसलेल्या जागेची हरळी कापून सावलीत वाळवा, बुरशीचा वास आला तर टाकून द्या.

क जीवनसत्त्व: बिनसाखरेची ५०० मिलिग्रॅमची साधी गोळी १० मिली पाण्यात विरघळवली की १ मिलीत ५० मिलिग्रॅम. त्यातलं अर्धा मिली बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या बाजूने, हळूहळू. रोज नवं करायचं, उरलेलं फेकायचं. पिण्याच्या पाण्यात घालू नका, ते काही तासांत निकामी होतं आणि चव बदलली म्हणून ती पाणीच कमी पिते. खडा असेल तर तिला तेच परवडणार नाही. बहुजीवनसत्त्वांचे थेंबही नकोत, त्यातल्या डी जीवनसत्त्वाने कॅल्शियम आणखी शोषलं जातं.

मिरजवाला
मग माझा सल्ला मागे घेतो, आता वाट बघू नका. नेताना हातात धरून नेऊ नका. पुठ्ठ्याच्या खोक्याला बाजूने भोकं पाडा, खाली जाड टॉवेल, कोपऱ्यात गवत आणि काकडीची फोड. पिंजऱ्यातून खोक्यात घालताना उचलूच नका. खोकं आडवं ठेवून, तोंडाशी कोथिंबीर धरून आपसूक आत जाऊ द्या. ऊन चढायच्या आत निघा, गाडीत २८ अंशांच्या वर तिला धाप लागेल. रात्रीचं डागाळलेलं कापड पिशवीत घालून सोबत घ्या, डॉक्टरांना दाखवा.

कृष्णाकाठ (सांगली)
उद्या सकाळी साडेआठची वेळ मिळाली आहे, एक्स-रे तिथेच होतो. पालेभाज्या काढल्या, ढोबळी मिरची लगेच खाल्ली. रात्री दर तीन तासांनी कापड बघते, लघवी होते की नाही ते.