मदत हवी आहे: रक्तपुरवठा परत सुरू होताना आतड्याला होणारी इजा, औषध नेमकं कधी द्यायचं?

नमस्कार मंडळी,
एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय फार्माकॉलॉजी. इथे डॉक्टर बरेच आहेत म्हणून विचारते.

प्रयोग असा: विस्टार जातीच्या रॅटला भूल देऊन आतड्याची मुख्य धमनी (सुपिरिअर मेसेंटेरिक) ४५ मिनिटं क्लॅम्प लावून बंद, मग क्लॅम्प काढून २ तास रक्त वाहू द्यायचं. औषध एन-ॲसिटिलसिस्टीन (अँटिऑक्सिडंट). एथिक्स कमिटीची मंजुरी आहे, कृपया गाडी तिकडे वळवू नका.

रक्त तोडलं की इजा होणारच, ते कुणालाही पटतं. पण पार्क्स आणि ग्रेंजर यांनी १९८६ साली मांजरांवर दाखवलं की ३ तास रक्त बंद ठेवून १ तास चालू केलं, तर आतड्याच्या अस्तराची दशा सलग ४ तास बंद ठेवण्यापेक्षा वाईट होते. रक्त बंद असताना पेशींत हायपोझँथिन (पेशीचं इंधन मोडून उरलेला पदार्थ) साचतं. ऑक्सिजन परतला की झँथिन ऑक्सिडेज हे एन्झाइम त्यातून सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचं पेशींना घातक रूप) काढतं, मागोमाग न्यूट्रोफिल (पांढऱ्या रक्तपेशी) येऊन उरलेलं उद्ध्वस्त करतात.

आता माझी अडचण. क्लॅम्पच्या अर्धा तास आधी औषध दिलं की स्लाइड सुरेख, व्हिलायची (अस्तरावरच्या बोटांसारख्या उंचवट्यांची) टोकं शाबूत. क्लॅम्प काढल्यावर दिलं की काही उपयोग नाही: टोकं झडलेली, आतला गाभा उघडा, चिऊ (Chiu) ग्रेड ३-४ (अस्तराची इजा मोजायची ० ते ५ मोजपट्टी). सर म्हणतात, आधी देणारा गटच ठेव, पेपर निघेल. पण पेशंट धमनीत गुठळी अडकल्यावरच येतो ना? त्याला अर्धा तास आधी औषध कोण देणार?

प्रतिसाद (सर्जन):
प्रश्न रास्त आहे. धमनी कधी बंद होणार हे आम्हाला कळत नाही, पण ती कधी उघडणार ते कळतं, कारण गुठळी आम्हीच काढतो. तेव्हा तिसरा गट घ्या: क्लॅम्प काढायच्या ५-१० मिनिटं आधी, शिरेतून. पहिलं रक्त आत शिरेल ते औषध घेऊनच. सुपरऑक्साइडचा भडका पहिल्या काही मिनिटांतच उडतो, नंतर दिलेलं औषध त्याला गाठत नाही. आतडं प्रत्यारोपणात तर वेळ आधीच ठरलेली असते. बाकी, माणसांत सर्रास वापरावं असं सिद्ध झालेलं औषध अजून नाही. आम्ही लवकर रक्त सुरू करतो आणि शंका असेल तर २४-४८ तासांत पोट पुन्हा उघडून बघतो.

प्रतिसाद (भूलतज्ज्ञ):
तापमान बघताय का? पोट उघडं राहिलं की रॅट भराभर गार पडतो, आणि गार आतडं आपोआप कमी बिघडतं. एका गटाचं ऑपरेशन लांबलं तर तेवढ्यानेच 'औषधाचा गुण' दिसेल. गुदद्वारात प्रोब, खाली हीटिंग पॅड, आतड्यावर कोमट सलाइनचा गॉज. भूलही सगळ्या गटांना एकच. केटामाइन या भुलीच्या औषधाचा इजेवर स्वतःचा परिणाम असतो.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. पॅड आहे, प्रोब नाही, सोमवारी मागते. तिसऱ्या गटासाठी कमिटीकडे दुरुस्तीचा अर्ज लागेल. अजून एक: आतड्याला पोकळीतूनही गाठता येतं, मग औषध थेट आतड्याच्या लूपमध्ये (वेटोळ्यात) सोडलं तर? कुणी केलंय का? सिरिंजच्या दाबानेच अस्तर सोलवटलं जाईल अशी धास्ती वाटते.