मदत हवी आहे: तीन उड्या मारणारे कोळी, नावं सांगा (सोमवारी प्रोजेक्ट द्यायचाय)

दांडियाबाजारकर:
मुलीचा प्रोजेक्ट आहे, 'घरातले कोळी'. घरात तीन सापडले, तिन्ही उड्या मारतात. म्हणजे तिन्ही सॉल्टिसिडी कुळातले ना? फक्त नावं सांगा, लवकर.

भिंगवाला:
फोटो कुठाय?

मांडवीची मावशी:
हिंगाचं पाणी शिंपडा, दोन दिवसांत जातील.

भिंगवाला:
मावशी, त्यांना घालवायचं नाहीये, ओळखायचंय.

दांडियाबाजारकर:
फोटो धूसर येतोय, एक मिनिट बसत नाहीत. एक करडा, भिंतीवर. एक हिरवा. एक काळा, बारीक.

भिंगवाला:
उड्यांवर जाऊ नका, डोळे बघा. समोर एका ओळीत चार, त्यात मधले दोन टपोरे. बाकीचे चार वर, मागच्या बाजूला. त्यातले दोन इतके बारीक की भिंगाशिवाय दिसत नाहीत. असं असेल तरच सॉल्टिसिडी. कोळ्यांचं सगळ्यात मोठं कूळ आहे ते, ६,००० हून जास्त जाती. करड्याच्या पोटाच्या दोन्ही कडांना काळसर पट्टा आहे का? असेल तर मेनेमेरस बायव्हिटाटसची मादी.

सूक्ष्मदर्शी:
भिंग घेऊन जात सांगू नका हो. नराचे पाल्प (तोंडाजवळचे पायांसारखे दोन छोटे अवयव) आणि मादीचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय फार तर वंश लिहावा, म्हणजे नावातला पहिला शब्द.

भिंगवाला:
शाळेतल्या पोरीला जननांग तपासायला सांगताय?

सूक्ष्मदर्शी:
मग नुसतं 'मेनेमेरस' लिहू दे. चुकीचं तरी नाही होणार.

गायकवाडी:
मध्य अमेरिकेत याच कुळातला एक कोळी बाभळीच्या जातभाईंच्या पानांची टोकं खाऊन जगतो. जवळजवळ शाकाहारी!

मांडवीची मावशी:
तो आमच्या पोळात, म्हणजे गल्लीत, चालेल. जैन शेजारी आहेत.

भिंगवाला:
हिरव्याचं सांगा. कुठे होता? पायांवर काटे?

दांडियाबाजारकर:
तुळशीवर. काटे आहेत, लांब लांब.

भिंगवाला:
मग तो ऑक्सिओपिडी, लिंक्स कोळी. तोही उडी मारतो, पण डोक्यावर सहा डोळ्यांचा षटकोन असतो आणि समोर टपोरी जोडी नसते. काळ्याचं काय?

दांडियाबाजारकर:
तो मुंगीच असेल बहुतेक. कंबर बारीक आहे. काढूनच टाकणार होतो.

भिंगवाला:
पाय मोजा आधी!

दांडियाबाजारकर:
मुलीने मोजले. आठ. पुढचे दोन वर धरून मुंगीच्या मिशांसारखे हलवतो. समोरचे दोन डोळे मोठे. दोरा सोडून खाली लटकला, तेव्हा ती किंचाळली.

सूक्ष्मदर्शी:
मुंगीची नक्कल करणारा आहे, मायरमॅरॅक्ने किंवा त्याच्या जवळचा. सॉल्टिसिडीच. एवढ्यात माझं आणि भिंगवाल्यांचं एकमत आहे.

दांडियाबाजारकर:
म्हणजे हिरवा बाद. आता तिसरा कुठून आणू?

भिंगवाला:
अहो, प्रोजेक्ट 'घरातले कोळी' आहे ना? सॉल्टिसिडीच हवेत असं कुणी सांगितलं?

दांडियाबाजारकर:
कुणीच नाही. मीच म्हणालो.

मांडवीची मावशी:
पण तुळस घरात ठेवली आहे का तुम्ही? ती अंगणात असते.