माल्ट एक्स्ट्रॅक्टपासून काळी स्टाऊट: विदर्भाच्या हवेत कसे जमवावे?

कोरडवाहू: दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी माल्ट एक्स्ट्रॅक्टपासून (मोड आणलेल्या बार्लीचा, म्हणजे जवाचा, आटवलेला गोड अर्क) सुमारे २० लिटर स्टाऊट (भाजलेल्या धान्याची काळी बिअर) करण्याचा विचार आहे. एक्स्ट्रॅक्ट आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) मागवता येतील. परंतु भाजलेली बार्ली मिळत नाही, बोअरचे पाणी जड आहे आणि खोली थंड ठेवण्याची सोय नाही. यीस्ट कोणते घ्यावे आणि सुरुवात केव्हा करावी, याविषयी जाणकारांनी सल्ला द्यावा.

पळसबन: आधी कायद्याचे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय बिअर तयार करणे हा गुन्हा आहे, मग ती घरापुरती का असेना. तेव्हा उत्पादन शुल्क विभागाकडे रीतसर चौकशी केल्याशिवाय गंज चुलीवर चढवू नये.

बार्लीसाठी मात्र अडून बसण्याचे कारण नाही. स्टाऊटमधील भाजलेली बार्ली मोड न आणलेलीच असते, त्यामुळे किराणा दुकानातील जव जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, सतत हलवत, कॉफीच्या बियांइतके गडद होईपर्यंत भाजले तरी भागते. फक्त त्यांचा कोळसा होऊ देऊ नये आणि धुरकट वास उडावा म्हणून काही दिवस कागदी पिशवीत ठेवावेत. असे ३०० ग्रॅम जव भरडून, फडक्यात बांधून, ६५ ते ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा तास भिजवावेत. पुरचुंडी काढल्यानंतर गंज आचेवरून उतरवून ३ किलो पातळ एक्स्ट्रॅक्ट ढवळावे, नाहीतर ते बुडाला लागते. मग हॉप्स घालून तासभर उकळावे. जड पाण्याची चिंता काळ्या बिअरला कमीच, कारण भाजलेल्या धान्याची आम्लता पाण्यातील क्षारता झेलते. नळाच्या पाण्यातील ब्लीचिंग पावडर अधिक घातक. तिच्यामुळे बिअरला औषधासारखा वास येतो.

सातपुड्याचा वारा: स्टाऊटसाठी लागणाऱ्या एल यीस्टला १८ ते २० अंश मानवतात आणि आंबताना द्रव स्वतःच तापतो, हे धरून डिसेंबर-जानेवारी निवडावा. बुधला पाण्याच्या टबात ठेवून वर ओला बारदाना गुंडाळावा. आपल्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो.

पळसबन: उन्हाळ्यातच करायचे असेल, तर नॉर्वेचे क्वाइक यीस्ट ३५ अंशांतही काम करते.

सातपुड्याचा वारा: करते, पण त्यातील काही प्रकारांचा संत्र्यासारखा गंध स्टाऊटला मला तरी शोभत नाही, नागपूर जवळ असले तरी! बाटल्या भरण्यापूर्वी हायड्रोमीटरचे (द्रवाची घनता मोजणारे उपकरण) वाचन सलग तीन दिवस स्थिर असल्याची खात्री करावी आणि फेसासाठी लिटरमागे ६ ग्रॅमपेक्षा अधिक साखर घालू नये, अन्यथा बाटल्या फुटतात.