मणक्यांच्या एमआरआयमध्ये गळती नाही, तरी मायलोग्राम कशासाठी?

प्रश्न:
माझ्या वहिनींचे डोके उभे राहिल्यावर थोड्याच वेळात मानेपासून दुखू लागते आणि आडवे झाल्यावर उतरते. डाय देऊन केलेल्या मेंदूच्या एमआरआयमध्ये बाह्य आवरण सर्वत्र उजळलेले, पीयूष ग्रंथी फुगलेली आणि मेंदू किंचित खाली सरकलेला दिसतो. मणक्यांच्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये मात्र ‘आवरणाबाहेर द्रव नाही’ एवढेच आहे, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव आवरणातून गळून बाहेर साठलेला दिसत नाही. तरीही न्यूरॉलॉजिस्टनी कुशीवर झोपवून मायलोग्राम (पाठीतून सुईने त्या द्रवात डाय सोडून कण्याच्या प्रतिमा घेणे) करण्यास सांगितले आहे. पाठीत सुई घालायची म्हणून घरचे कचरत आहेत. गळतीच नसेल, तर ही तपासणी कशासाठी?

प्रतिसाद १ (रेडिओलॉजिस्ट):
त्या रिपोर्टवरून गळती नाही, असा निष्कर्ष निघत नाही. आवरणाला भोक पडले असेल, तर द्रव बाहेर साठतो आणि एमआरआयमध्ये दिसतो. पण मज्जातंतूच्या मुळाशी असलेल्या फुग्यातून तो थेट शेजारच्या शिरेत जात असेल, तर बाहेर काहीच साठत नाही. सीएसएफ-व्हेनस फिस्टुला (सीएसएफ म्हणजे हा द्रव, फिस्टुला म्हणजे त्याची शिरेशी झालेली नको ती जोडणी) म्हणून ओळखला जाणारा हा प्रकार वैद्यकीय साहित्यात 2014 मध्ये प्रथम नोंदला गेला, त्यामुळे तो आजही सहज नजरेतून सुटतो. डाय द्रवापेक्षा जड असल्याने खालच्या बाजूला उतरते. रुग्ण पाठीवर असेल, तर ती बाजूच्या मुळांपर्यंत पुरेशी पोहोचत नाही. म्हणून रुग्णाला कुशीवर वळवून, कंबर उंचावून, डाय छातीच्या मणक्यांकडे जाऊ देतात आणि लगेच प्रतिमा घेतात. कण्यालगत एखादी शीर पांढऱ्या दोऱ्यासारखी उजळली, की जागा सापडली. एका वेळी खालचीच कूस नीट तपासली जाते, म्हणून दुसऱ्या कुशीसाठी बऱ्याचदा वेगळा दिवस ठेवतात.

प्रतिसाद २:
एक पुरवणी जोडतो. बाहेर द्रव दिसला असता, तरी शोध तेवढ्यावर संपला नसता, कारण तो अनेक मणक्यांवर पसरतो आणि सर्वांत जास्त साठा जिथे दिसतो तिथेच भोक असते असे नाही. हाडाच्या टोकदार वाढीने समोरून आवरण फाटले असेल, तर रुग्णाला पालथे झोपवून डाय पुढे सरकत असतानाच प्रतिमा घ्याव्या लागतात.

प्रतिसाद ३:
त्याआधी ब्लड पॅच करून पाहायला काय हरकत आहे? रुग्णाचेच रक्त कमरेतून आवरणाबाहेर सोडतात आणि त्यासाठी गळतीची नेमकी जागा ठाऊक असावी लागत नाही.

प्रतिसाद १ (पुन्हा):
हरकत नाही, अनेक ठिकाणी तसेच करतात. मात्र फिस्टुलामध्ये त्याचा परिणाम बहुधा टिकत नाही. फायब्रिन ग्लू (गळती बुजवणारा गोंद), शस्त्रक्रिया किंवा शिरेतून जाऊन फिस्टुला बंद करणे, यांपैकी काहीही करायचे, तर जागा माहीत असावीच लागते. सुई घातल्यावर द्रवाचा दाब नॉर्मल निघाला, तरी तपासणी तिथे थांबवू नये. या रुग्णांपैकी अनेकांमध्ये तो नॉर्मलच असतो. जाताना केवळ रिपोर्ट नव्हे, तर दोन्ही एमआरआयच्या सीडी न्या, आणि मायलोग्राम दोन्ही कुशींवर होणार आहे का, हे आधीच विचारून घ्या.